बंबखान्यातलं चित्र

“खिळे तरी आमचे आहेत की नाही?”

माझ्या मागच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या चित्रकाराने शेजारच्याला हळूच विचारलं. शेजारचाही चित्रकारच, आणि तितकाच म्हातारा. तो हसेल असं मला वाटलं होतं. पण त्याने नुसता सुस्कारा सोडला आणि म्हणाला, “वकिलाला विचारावं लागेल.”

टाउन हॉलमधल्या त्या मीटिंगला मी बोलायला गेले नव्हते. कोण काय म्हणालं ते टिपून घेणं एवढंच माझं काम होतं, आणि ते मला मानवत होतं. मान खाली घालून लिहिणाऱ्या माणसाकडे कुणी बघत नाही. समोर टाउनचा वकील सांगत होता की इमारत टाउनची, म्हणजे भिंती टाउनच्या, म्हणजे त्या भिंतींवर इतकी वर्षं जे लटकतंय ते... तिथे तो पाणी प्यायला थांबला. तेवढ्यात आमच्या बाजूच्या, म्हणजे चित्रकारांच्या संघटनेच्या वकिलाने हात वर केला. मग दोघंही नेहमीचंच बोलले, आणि मी नेहमीचंच लिहिलं.

ते टाउन न्यू जर्सीत, आयसेलिनपासून गाडीने फार लांब नव्हतं. न्यूयॉर्कचे जुळे टॉवर पडून चार वर्षं होऊन गेली होती. मी म्युझियम स्टडीज नावाचं, आईला आजतागायत नीट समजावून सांगता न आलेलं शिक्षण तिथल्या युनिव्हर्सिटीत पूर्ण केलं होतं. त्यानंतर विद्यार्थी व्हिसावर नोकरीसाठी जे एक वर्ष मिळतं, ते मी त्या गॅलरीत घालवत होते. घालवत होते हाच शब्द बरोबर आहे. गॅलरी नवं काही दाखवत नव्हती. जे होतं ते कोणाचं, एवढंच ठरत होतं, म्हणजे ठरत नव्हतं.

गॅलरी म्हणजे मुळात बंबखाना. टाउनने नवीन फायर स्टेशन बांधलं तेव्हा जुनं रिकामं पडलं, आणि आसपासच्या हौशी चित्रकारांनी ते मागितलं. तेव्हाचे मेयर म्हणाले, वापरा. एवढंच. कागद कुणी केला नाही. चित्रकारांनी तेलाचे डाग पडलेली जमीन घासून काढली, भिंतींना पांढरा रंग दिला, बंब बाहेर काढायच्या मोठ्या लाल दारांना काचा बसवल्या. खाडी, दलदलीतले बगळे, बंद पडलेले कारखाने, हायवेच्या कडेचे डायनर, अशी सगळी त्या भागाची चित्रं. ती त्या भागातच राहावीत असं त्यांचं म्हणणं होतं. प्रत्येकाने अधूनमधून एखादं चित्र तिथे ठेवायचं, बाकीची घरी न्यायची, अशी पद्धत पडून गेली. ठेवलेलं चित्र दिलं असं धरायचं की नाही, हे कुणी विचारलं नाही. सगळे एकमेकांना ओळखत होते आणि प्रत्येकाकडे दाराची किल्ली होती.

मग चित्रकार म्हातारे झाले. एकेक जण जायला लागला. टाउनला ती जागा ऑफिससाठी परत हवी झाली, आणि इतक्या वर्षांत न विचारलेले प्रश्न एकदम, वकिलांमार्फत, विचारले जाऊ लागले. मी नोकरीला लागले तेव्हा हे सगळं जुनं होऊन गेलं होतं. कुणाला राग यायचा नाही. माणसं यायची, घडीच्या खुर्च्यांवर बसायची, कॉफी प्यायची, आणि पुढची तारीख घेऊन जायची.

त्या चित्रकारांत एक मराठी गृहस्थ होते. मी त्यांना पाहिलेलं नाही. पेशाने केमिकल इंजिनिअर, शनिवार-रविवारी गॅरेजमध्ये चित्रं काढणारे. मी राहत होते ती खोली त्यांच्याच घरातली, आयसेलिनला, वरच्या मजल्यावरची. ते गेल्यावर काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ती भाड्याने द्यायला काढली होती. गॅलरीतली नोकरीही काकूंनीच सुचवली. “ह्यांचा तिथे फार जीव होता. जाऊन विचार. तुझं ते म्युझियमचंच काहीतरी आहे ना?” असं म्हणाल्या होत्या.

काकूंना माझं न बोलणं ही एक करमणूक होती. “इंग्लिश मीडियमची मुलं इंग्रजीत निबंध लिहितात आणि मराठीत मान हलवतात,” असं त्या फोनवर मैत्रिणींना माझ्यासमोरच सांगायच्या. मी मान हलवायचे. त्यांना आणखी हसू यायचं. मला राग यायचा नाही, कारण ते खरं होतं. मराठीत मला शब्द शोधावे लागायचे. इंग्रजीत शब्द होते, पण ते मोठ्याने म्हणायला लागणारं जे काही असतं ते नव्हतं. पुण्याहून दर रविवारी आईचा फोन यायचा. तिच्याशीही मी हो, नाही, जेवले, एवढंच बोलायचे. ते फोन कशासाठी असायचे ते इथे लिहीत नाही.

काकांची बहुतेक चित्रं घराच्या बेसमेंटमध्ये होती, आणि एका वादळात बेसमेंटमध्ये पाणी शिरून ती गेली. एक उरलं, कारण ते बंबखान्यात होतं. मागच्या भिंतीवर, रेस्टरूमकडे जाणाऱ्या दाराशेजारी. मी तिथे रुजू झाले त्या आठवड्यातच ते बघून घेतलं. आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर साड्यांची आणि दागिन्यांची दुकानं येण्यापूर्वीचा रस्ता. हार्डवेअरचं दुकान, कडेला करडा पडलेला बर्फ, आणि बस स्टॉपवर पाठमोरी उभी असलेली एक बाई. अंगात पुरुषी मापाचा कोट, कोटाखालून दिसणारा साडीचा चार बोटं काठ, आणि तो ओला. एवढंच. काका मोठे चित्रकार नव्हते. बर्फ त्यांना नीट जमला नव्हता. पण तो काठ किती ओला आहे हे त्यांना माहीत होतं.

“ती मी कशाला असेन?” मी विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या. “मी कधी अशी खांदे पाडून उभी राहते का? कुणीतरी असेल.”

त्या हिवाळ्यात दोन्ही बाजू थकल्या. त्यांनी एक निवृत्त न्यायाधीश मध्यस्थ म्हणून मान्य केले आणि ते सांगतील ते ऐकायचं ठरवलं. न्यायाधीशांनी सोपा रस्ता काढला. इमारत टाउनला परत. जे चित्रकार हयात आहेत त्यांनी आपापली चित्रं घेऊन जावीत. जे नाहीत, त्यांच्या घरच्यांना विचारावं. त्यांना हवं असेल तर त्यांचं, नको असेल तर ते चित्र काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, म्युझियमला. काउंटीचं म्युझियम ती चित्रं लावणार नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या गोदामात लाकडी पेट्या होत्या, तिथे ती जाणार होती. एकदा गेली की कुणालाही परत मिळणार नव्हती.

काकू वसंतात घर विकून मुलाकडे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला कायमच्या जाणार होत्या. मुलगा तिथे चिप डिझाइनमध्ये होता. दाराशी ‘फॉर सेल’ची पाटी लागली होती. भांडी वाटून झाली, काकांचे सूट देऊन झाले. एक दिवस डायनिंगच्या खुर्चीच्या पाठीवर एक जुनी सुती साडी धुऊन, घडी घालून ठेवलेली दिसली. दुसऱ्या दिवशीही तिथेच. मी उचलून कपाटात ठेवायला गेले तर काकू म्हणाल्या, “असू दे. काही गुंडाळायला लागली तर.”

काय गुंडाळायचं होतं ते मी विचारलं नाही. त्याच आठवड्यात संघटनेच्या अध्यक्षबाई काकूंना भेटून गेल्या. शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेल्या, सरळ, दमलेल्या बाई. मी त्या दिवशी गॅलरीत फ्रेमांना फोम लावत होते. संध्याकाळी घरी आले तर काकू ओट्याशी उभ्या होत्या आणि पाठ माझ्याकडेच ठेवून बोलायला लागल्या.

“आली होती तुझी बाई.”

“मग?”

“मग काय. पोहे केले होते. मिरची नाही घातली हो तिच्यासाठी. बशीभर खाल्ले. अजून घ्या म्हटलं तर नो थँक यू. पुन्हा म्हटलं, तर नो थँक यू. मग मी वाढलेच.”

“मग?”

“तशीच टाकून गेली बशी. वर खोबरं घातलेलं, तसंच.”

“काकू, चित्राचं काय झालं?”

“विचारलं ना तिने. तुम्हाला हवंय का म्हणून. मी म्हटलं, नको नको, राहू दे, तुमच्याकडेच बरं आहे.”

मी बॅग खाली ठेवली. “आणि मग?”

“मग थँक यू म्हणाली, माझा हात हातात घेतला, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं तिच्या. आणि गेली!” आता त्या माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर राग होता, पण त्याखाली दुसरंही काही होतं. “एकदाच विचारलं गं. एकदा. मी तिला पोह्यांना तीनदा विचारलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षबाई माझी वाटच बघत होत्या. “तुझ्या घरमालकीणबाई किती मोठ्या मनाच्या आहेत! ते एकच चित्र उरलंय त्यांचं, आणि किती सहज म्हणाल्या, राहू दे. असं कुणी म्हणत नाही. सगळे हिसकावून नेताहेत.”

मी फोमचा तुकडा खाली ठेवला. मग म्हणाले, “मला वाटतं, त्यांना ते हवं आहे.”

“असं त्या म्हणाल्या तुला?”

मी खरंच आठवून बघितलं. “नाही.”

“मग?”

“मला वाटतं.”

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “हे बघ, एका बाईने नको म्हणून सांगितलं. तिला मी पुन्हा जाऊन विचारू? मग मी तिच्यावर दडपण आणते असं होईल. नाही म्हटलेल्या माणसाला पुन्हा विचारणं चांगलं दिसत नाही.”

आमच्याकडे एकदाच विचारणं चांगलं दिसत नाही, हे वाक्य मला सुचलं ते गाडीत, घरी जाताना. तिथे, त्या क्षणी, लहानपणापासून ज्या भाषेत शिकले त्या भाषेत, मला काही म्हणता आलं नाही. आणि म्हटलं असतं तरी काय उपयोग होता, कोण जाणे. पहिला नकार हा नकार नसतो, तो मोकळ्या जागेसारखा असतो आणि त्यात समोरच्याने पाऊल टाकायचं असतं, हे घरात वाढताना कुणी शिकवत नाही. ते जेवणाच्या पंगतीत आपोआप कळतं. काकू या देशात माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं राहिल्या होत्या. बँकेचं, डॉक्टरचं, इन्शुरन्सचं सगळं त्या एकट्या करायच्या. फोनवरच्या माणसांना खडसवायच्यासुद्धा. पण बँक म्हणजे बँक. हे चित्र नवऱ्याचं होतं, बाई घरी आली होती, तिच्यापुढे चहा ठेवलेला होता. अशा वेळी काकूंना दुसरं काही येतच नव्हतं.

रविवारी सनीव्हेलहून मुलाचा फोन आला. काकू आंघोळीला गेल्या होत्या म्हणून मीच उचलला.

“यार, तू बोल ना तिथे,” तो म्हणाला. “तू त्यांच्याकडे वर्क करतेस. सांगून टाक, आईला पाहिजे.”

“मी स्टाफ आहे. वकिलाने सांगितलंय, स्टाफने सुनावणीत काही बोलायचं नाही. दुसरी बाजू ऑब्जेक्शन घेईल.” हे खरं होतं. त्या वकिलाने ते मला बजावून सांगितलं होतं, जणू मीच बोलेन अशी त्याला भीती होती. “तुम्हीच अध्यक्षबाईंना फोन करा ना.”

“केला असता. पण आईला कळलं तर ती मला परत फोन करून कॅन्सल करायला लावेल. म्हणेल, भीक मागितलीस.” मग तो म्हणाला, “तिने इथल्या गेस्टरूमची भिंत विचारली होती मला. किती लांब आहे म्हणून. मला वाटलं, कपाटासाठी विचारतेय.”

त्या दिवशी जेवताना मी एकच वाक्य तयार करून बसले होते. आमटी वाढताना ते म्हटलं. “काकू, त्यांना एक फोन करून सांगितलं तर...”

“काय सांगू? द्या हो मला, असं?” त्यांनी डाव पातेल्यात परत ठेवला. “ह्यांनी या देशात कुणाकडे काही मागितलं नाही. त्यांचं चित्र मी मागून आणू? गॅलरीवाल्यांना कळायला नको?”

“त्यांना नाही कळत.”

“मग तू कशाला आहेस तिथे?”

आम्ही जेवलो. मी भांडी घासली. वर खोलीत जाऊन कॉटवर बसले. मला त्या चित्राचा कंटाळा आला होता. बंबखान्याचा, दोन्ही वकिलांचा, आणि खरं सांगायचं तर काकूंचाही. माझं वर्ष संपत आलं होतं, पुढची नोकरी दिसत नव्हती, आणि एका बाईला जे हवं आहे ते ती म्हणत नाही म्हणून मी दोन घरांच्या मधल्या भिंतीसारखी उभी होते. दोन्हीकडचं ऐकू येत होतं. भिंत काय बोलणार.

शेवटची सुनावणी शनिवारी सकाळी होती. आदल्या दिवशी पडलेला बर्फ रस्त्यांवर चिखल होऊन बसला होता. सुनावणीला घरच्यांनी येणं बंधनकारक नव्हतं. ज्यांनी आधीच उत्तर दिलं होतं त्यांनी तर नाहीच. पण सकाळी खाली आले तर काकू तयार होत्या. चांगली साडी, वर कोट.

“मी आपली बघायला येते,” त्या म्हणाल्या. “कधी टाउन हॉल बघितला नाही आतून.”

गाडीत त्या हवेबद्दल बोलल्या. मी मान हलवली.

न्यायाधीश सुमारे सत्तरीचे, बारीक, मृदू बोलणारे होते. त्यांनी प्रत्येक चित्र पुढे आणून एका स्टँडवर ठेवायला सांगितलं होतं. दोघे जण आणायचे, ठेवायचे, न्यायचे. चित्रकाराचं नाव वाचलं जायचं, घरचं कुणी असेल तर त्याला विचारलं जायचं, आणि बहुतेक वेळा सगळं एका मिनिटात संपायचं. एका मुलीने बापाचा बगळा घेतला आणि काखेत धरून लगेच निघून गेली. एका भावाने खांदे उडवले, आणि ते चित्र डावीकडे, काउंटीच्या ढिगात गेलं. मी माझ्या जागेवर, बाजूच्या टेबलाशी, लिहीत होते. काकू तिसऱ्या रांगेत टोकाला बसल्या होत्या. कोट काढला नव्हता.

मग काकांचं बस स्टॉपचं चित्र आलं. बंबखान्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात त्या बाईच्या साडीचा काठ मला करडा वाटायचा. टाउन हॉलच्या उजेडात तो हिरवा आहे हे पहिल्यांदा दिसलं. न्यायाधीशांनी काकांचं नाव वाचलं, चुकीच्या ठिकाणी जोर देऊन, आणि मग वर बघितलं. अध्यक्षबाई त्यांच्या कानाशी काहीतरी बोलल्या.

“मला सांगतात की आपण आज स्वतः आला आहात,” न्यायाधीश काकूंना म्हणाले. “आभार. आमच्याकडे असं आहे की हे चित्र काउंटीला जावं अशी आपली इच्छा आहे. बरोबर?”

सगळ्यांनी काकूंकडे बघितलं. त्या उभ्या राहिल्या. उभं राहायची गरज नव्हती.

“नो, नो,” त्या हसून म्हणाल्या. “इट इज ऑल राइट. यू पीपल कीप.”

“आपण फार उदार आहात,” न्यायाधीश म्हणाले, आणि मान लववून त्यांनी पेन उचललं.

काकू बसल्या नाहीत. त्या न्यायाधीशांकडे बघत होत्या, हसू तसंच ठेवून, मान किंचित पुढे. ते हसू मी ओळखत होते. पंगतीत वाढणारा जवळ आला की ताटावर आडवा हात धरतात, नको नको म्हणतात, आणि बोटांत थोडी फट ठेवतात. ती फट दिसली की वाढायचं असतं. लहान मुलालाही ती दिसते. त्या खोलीत साठ-सत्तर माणसं होती आणि ती फट दिसणारी मी एकटी होते.

दोघे जण चित्र उचलायला पुढे आले. एकाने हात घातलासुद्धा. काकूंच्या मानेवरची शीर दिसत होती. हसू अजून होतं. न्यायाधीश लिहायला वाकले.

आमचा वकील माझ्या शेजारीच बसला होता. मी खुर्ची मागे सारली ती त्याच्या पायाला लागली, आणि तो वळून माझ्याकडे बघायला लागला. मला इंग्रजीतलं एकही वाक्य आठवत नव्हतं. आठवायची गरजही वाटली नाही. ज्यांना सांगायचं होतं त्या तिसऱ्या रांगेत उभ्या होत्या. माझा आवाज त्या खोलीत कुणी कधी ऐकला नव्हता. तो फाटका निघाला, आणि हवा होता त्यापेक्षा खूप मोठा.

“काकू, इथे कुणी आग्रह करत नाही. हवंय तर हवंय म्हणा.”